दाखल रजिस्टरापासून तक्त्यापर्यंत

शंभर वर्षे पूर्ण केलेल्या ग्रंथालयाची सर्वांत मोलाची वस्तू नेहमीच एखादा दुर्मीळ ग्रंथ असतो असे नाही; पुष्कळदा ती त्याचे पहिले दाखल रजिस्टर असते. लांब आडव्या पानांवर हाताने आखलेले रकाने, त्यांत दाखल क्रमांक, तारीख, ग्रंथकार, ग्रंथनाम, प्रकाशक, वर्ष, पृष्ठे, किंमत आणि सर्वांत शेवटी शेरा. ग्रंथालयाचे खरे चरित्र या शेऱ्याच्या रकान्यात दडलेले असते. ‘कसर लागली’, ‘गहाळ’, ‘अमक्यांकडून भेट’ अशा दोन-दोन शब्दांत पिढ्यांचा व्यवहार नोंदलेला असतो. शाई बदलते, हस्ताक्षर बदलते, परंतु एक नियम बदलत नाही: एका पुस्तकाला एक क्रमांक, आणि तो क्रमांक पुन्हा दुसऱ्या पुस्तकाला द्यावयाचा नाही.

हे रजिस्टर संगणकात उतरविणे म्हणजे टंकलेखनाचे कंटाळवाणे काम, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः त्या कामाचे दोन भाग पडतात. पहिल्या भागात कोणीतरी बसून एकेका पुस्तकाची एकेक ओळ साध्या मजकुराच्या फाइलमध्ये टंकित करतो. दुसऱ्या भागात संगणकाला दिलेल्या हुकुमांची एक यादी, जिला ‘स्क्रिप्ट’ म्हणतात, ती फाइल वाचते, प्रत्येक ओळीचे तुकडे करते आणि ते तुकडे रिलेशनल डेटाबेसच्या तक्त्यांत जागच्या जागी नेऊन ठेवते. पहिल्या भागाला महिने लागतात, दुसऱ्याला काही मिनिटे. परंतु त्या काही मिनिटांत एखादे पुस्तक कपाटात उभे असूनही ग्रंथालयातून हरवू शकते. जे सूचीत सापडत नाही ते वाचकापुरते नसतेच.

ओळीचे तुकडे कोठे करावयाचे, हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या निमंत्रणावरून विल्यम अ‍ॅलन्सन बॉर्डन हे अमेरिकन ग्रंथपाल १९१० साली बडोद्यास आले आणि त्यांनी तेथे ग्रंथालयांची व्यवस्था लावून दिली. त्या सुमारास अमेरिकेत तालिका-पत्रांची, म्हणजेच कॅटलॉग कार्डांची पद्धत चांगली रुळली होती. वॉशिंग्टनची लायब्ररी ऑफ काँग्रेस १९०१ पासून छापील कार्डे इतर ग्रंथालयांना विकत होती. कार्डावर ग्रंथकाराचे नाव कोठे संपते आणि ग्रंथनाम कोठे सुरू होते, हे माणसाला डोळ्यांनी कळे. ओळ किती आत ढकलली आहे, कोणते अक्षर ठळक आहे, किंमत कोठल्या कोपऱ्यात आहे, या खुणा त्याला पुरत. यंत्राला मात्र डोळा नसतो. त्याला प्रत्येक तुकड्याची सीमा स्पष्ट सांगावी लागते.

ही सीमा सांगण्याची पहिली समर्थ पद्धत हेन्रिएट अ‍ॅव्हरम या विदुषींनी घडविली. विशेष म्हणजे त्या ग्रंथपाल नव्हत्या. संगणकाच्या आज्ञावली लिहिणाऱ्या होत्या. १९६५ साली त्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आल्या तेव्हा, कॅटलॉग कार्डावर इतकी गुंतागुंत असेल याची बाहेरच्यांना कल्पनाही नसे. अ‍ॅव्हरम यांनी ते कार्ड अक्षरशः उसवून पाहिले. १९६६ ते १९६८ या काळात सोळा ग्रंथालयांच्या सहभागाने प्रायोगिक प्रकल्प झाला आणि त्यातून ‘मार्क’ नावाची नोंदपद्धती सिद्ध झाली. १९७३ साली तिच्या सांगाड्याला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

या पद्धतीची रचना पाहण्यासारखी आहे. नोंदीच्या आरंभी २४ वर्णांचे शीर्षक असते. त्यापुढे एक अनुक्रमणिका येते, आणि तिच्यातील प्रत्येक कलम बारा अंकांचे असते: तीन अंकांत तुकड्याचा प्रकार, चार अंकांत त्याची लांबी, पाच अंकांत तो कोठून सुरू होतो ते स्थान. १०० म्हणजे ग्रंथकार, २४५ म्हणजे ग्रंथनाम. अनुक्रमणिका संपली की मूळ मजकूर एका सलग दोरीसारखा येतो, आणि त्या दोरीत जागोजागी अदृश्य गाठी असतात. या गाठींसाठी अ‍ॅव्हरम यांनी जी चिन्हे योजली ती ‘अ‍ॅस्की’ वर्णसंकेतात खास याच कामासाठी राखलेली होती. फाइल, गट, नोंद आणि घटक यांच्या सीमा दाखविणारी चार चिन्हे त्या संकेतात होती. कोणत्याही भाषेतील लेखनात ती येत नाहीत, म्हणून मजकुराशी त्यांचा गोंधळ होण्याचा संभव नाही.

पुढे जगाने मात्र ही निर्दोष चिन्हे बाजूला ठेवली आणि स्वल्पविराम पत्करला, ही त्या इतिहासातील एक गंमत म्हणावी लागेल. स्वल्पविराम कळफलकावर असतो, डोळ्यांना दिसतो, कोणालाही टंकित करता येतो. पण तो ग्रंथनामातही असतो. ‘काव्य, शास्त्र, विनोद’ असे नाव आले की भोळ्या स्क्रिप्टला तीन रकाने दिसतात. मग प्रकाशकाच्या जागी ‘शास्त्र’ जाऊन बसते आणि त्यापुढील सर्व तुकडे दोन-दोन घरे सरकतात. त्यावर उपाय म्हणून असा मजकूर अवतरणचिन्हांत घालण्याची रीत पडली. मग मजकुरातच अवतरणचिन्ह आले तर ते दोनदा लिहावयाचे, अशी पोटरीत निघाली. स्वल्पविरामी फाइली प्रचारात येऊन कित्येक वर्षे लोटल्यावर, २००५ साली त्यांचे नियम एका सर्वमान्य टिपणात प्रथम एकत्र मांडले गेले. तोवर जो तो आपल्या रीतीने वागत होता आणि अनेकजण आजही वागतात. अनुभवी मंडळी म्हणूनच टॅबसारखे, ग्रंथनामात सहसा न येणारे चिन्ह पसंत करतात.

फाइल नीट तुकड्यांत विभागली तरी ते तुकडे कोठे ठेवावयाचे? याचे उत्तर एडगर कॉड या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या गणितज्ञाने दिले. आयबीएम कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करीत असताना जून १९७० मध्ये त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक ओळीला तिची ओळख पटविणारा एक घटक असावा, आणि एका तक्त्याचा दुसऱ्याशी संबंध केवळ या ओळखीच्या मूल्यावरून जोडावा, असा त्यांचा विचार होता. कोणती नोंद यंत्रात कोठे साठविली आहे याची विचारपूस करण्याची वापरणाऱ्याला गरज उरू नये, हे त्यांचे सूत्र. आयबीएममध्ये डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ साली या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा मांडली. तीच पुढे ‘एसक्यूएल’ या नावाने जगभर रूढ झाली. १९८१ साली कॉड यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च समजला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

कॉड यांचा विचार मराठी वाचकाला समजावयाचा तर राम गणेश गडकऱ्यांकडे जावे. नाटके त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिली, कविता ‘गोविंदाग्रज’ या नावाने, आणि विनोदी लेख ‘बाळकराम’ या नावाने. दाखल रजिस्टरात पुस्तकावर जे नाव असेल ते उतरले गेले. ती रजिस्टरे जशीच्या तशी एका तक्त्यात घातली तर यंत्राच्या लेखी हे तीन वेगळे लेखक ठरतात. नाटक वाचून भारावलेला तरुण वाचक गडकऱ्यांचे नाव देऊन शोध घेईल आणि त्यांची कविता त्याच्यापुढे येणारच नाही. रिलेशनल पद्धतीत लेखकांचा तक्ता स्वतंत्र असतो. तेथे गडकऱ्यांना एक क्रमांक मिळतो, तिन्ही नावे त्या एका क्रमांकाला जोडली जातात, आणि पुस्तकांच्या तक्त्यात नावाऐवजी तो क्रमांक लिहिला जातो. केशवसुत आणि कृष्णाजी केशव दामले, कुसुमाग्रज आणि विष्णु वामन शिरवाडकर यांचीही सोय अशीच लागते. ज्या भाषेत टोपणनावांची एवढी समृद्ध परंपरा आहे, तिच्या ग्रंथसूचीला कॉड यांची कल्पना इंग्रजीपेक्षाही अधिक उपकारक ठरावी.

तीच गोष्ट प्रतींची. एका कादंबरीच्या चार प्रती म्हणजे रजिस्टरात चार ओळी. तक्त्यांत मात्र ग्रंथ एकदा नोंदला जातो आणि प्रतींच्या वेगळ्या तक्त्यात चार दाखल क्रमांक येतात. प्रतीची ओळख पटविणारा घटक शोधण्यासाठी कोणालाही डोके खाजवावे लागत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या कारकुनाने तो पहिल्याच रकान्यात लिहून ठेवलेला आहे. स्क्रिप्ट चुकून दोनदा चालविली गेली तर सारी पुस्तके दुप्पट होऊ नयेत, याची हमी हाच क्रमांक देतो. तो अनन्य असला पाहिजे असे तक्त्याला बजावले, की दुसऱ्या वेळी तक्ता ती ओळ स्वीकारीतच नाही.

मजकुराची फाइल आणि तक्ता यांच्यामधील वाहतूक हे बराच काळ ज्याचे त्याने उरकावयाचे काम होते. बेल प्रयोगशाळेत १९६९ पासून आकार घेऊ लागलेल्या युनिक्स प्रणालीने साध्या मजकुराच्या फाइलीला मोठी प्रतिष्ठा दिली. १९७७ साली तेथेच तयार झालेली ‘ऑक’ ही छोटी भाषा ओळ वाचणे, तिचे रकाने पाडणे आणि हवा तो रकाना उचलणे, एवढ्यासाठीच होती. १९८७ साली लॅरी वॉल यांनी ‘पर्ल’ ही भाषा प्रसिद्ध केली आणि अशा स्क्रिप्टांना अक्षरशः पूर आला. दुसऱ्या बाजूने डेटाबेसांनीही आपले दार रुंद केले. एकेक ओळ वेगळ्या हुकुमाने घालण्याऐवजी सबंध फाइल एकदम ओतून घेण्याची सोय ओरॅकल, पोस्टग्रेस, मायएसक्यूएल या सर्वांत आली. ‘सर्व किंवा काहीच नाही’ हे तत्त्वही याच काळात दृढ झाले: आठशे ओळी आत गेल्या आणि पुढची अडली, तर आधीच्या आठशेही मागे घेतल्या जातात आणि तक्ता पूर्ववत होतो. अर्धवट भरलेली सूची ही कोऱ्या सूचीपेक्षा अधिक फसवी असते, हे ज्याने वार्षिक ग्रंथमोजणी केली आहे त्याला सांगावयास नको.

ग्रंथालयांच्या दृष्टीने या प्रवासातील एक मुक्काम न्यूझीलंडमध्ये आहे. तेथील होरोफेनुआ ग्रंथालय संस्थेची जुनी संगणकप्रणाली २००० साल उजाडताच निकामी होण्याची भीती होती. नवी महागडी प्रणाली घेण्याऐवजी संस्थेने काटिपो नावाच्या छोट्या कंपनीकडून पर्ल भाषेत, मायएसक्यूएलच्या तक्त्यांवर उभी असलेली प्रणाली करून घेतली आणि ती सर्वांना मोफत खुली केली. जानेवारी २००० मध्ये ती कामाला लागली. तिचे नाव ‘कोहा’; माओरी भाषेत या शब्दाचा अर्थ भेट, ज्यात परतभेटीची भावनाही गृहीत असते. आज भारतातील अनेक ग्रंथालये ती वापरतात. मार्क पद्धतीच्या नोंदींची फाइल एकगठ्ठा तक्त्यांत नेणारी स्क्रिप्ट तिच्याबरोबरच मिळते. तत्पूर्वी आपल्याकडे युनेस्कोने विनामूल्य दिलेली ‘सीडीएस-आयसिस’ ही प्रणाली प्रचलित होती. ती रिलेशनल नव्हती, पण तिच्यातील नोंदी आंतरराष्ट्रीय मानकानुसार फाइलीत बाहेर काढता येत, आणि त्यामुळेच त्या वाचल्या.

येथवरची कथा जगात सर्वत्र सारखी आहे. मराठी ग्रंथालयाची खरी परीक्षा यापुढे सुरू होते.

पहिली अडचण लिपीची. १९९० च्या दशकात देवनागरीत टंकित केलेला बराच मजकूर वस्तुतः देवनागरी नव्हताच. फाइलीत रोमन अक्षरांचे संकेत असत आणि विशिष्ट फाँट त्यांना देवनागरी रूप देई. फाँट बदलला की ग्रंथनामाचे निरर्थक रोमन कडबोळे दिसे. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने ‘इस्की’ हा वर्णसंकेत निश्चित केला आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली होती. तरीही फाँटांचा जुना व्यवहार पुढे कित्येक वर्षे चालू राहिला. त्या काळात मोठ्या कष्टाने केलेल्या सूची तक्त्यात घालण्यापूर्वी दरेक फाँटासाठी वेगळे रूपांतर करावे लागते, आणि जोडाक्षरे व वेलांट्या यांची पुन्हा तपासणी करावी लागते.

युनिकोड आल्यानेही सर्व प्रश्न मिटले नाहीत. प्रचलित ‘यूटीएफ-८’ पद्धतीत प्रत्येक देवनागरी वर्ण तीन बाइट घेतो. लांबी अक्षरांत मोजणाऱ्या स्क्रिप्टने मार्कची अनुक्रमणिका तयार केली तर तिच्यातील सर्व स्थाने चुकतात, कारण तेथे मोजणी बाइटांची असते. मराठीतील खास अर्धा र, ‘वाऱ्यावरची वरात’ या नावात येतो तो, दोन प्रकारे लिहिला जातो: नुक्ता असलेल्या ‘ऱ’ला हलन्त देऊन, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर दोन्ही रूपे तंतोतंत सारखी दिसतात. यंत्राला ती दोन भिन्न नावे वाटतात. दोन कारकुनांनी दोन कळफलकांवर काम केले असेल तर पु. लं.चे एकच पुस्तक दोन वाटांनी नोंदले जाते, आणि शोधणाऱ्याला त्यांतील एकच सापडते. हे टाळावयाचे तर स्क्रिप्टने आत घालण्यापूर्वी सर्वत्र एकच रूप करून घेतले पाहिजे.

शुद्धलेखनाचा प्रश्न याहून नाजूक आहे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नवे नियम आले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षांत कोण घेतो’ या कादंबरीच्या जुन्या प्रतीवर ‘लक्षांत’ आहे. आजचा विद्यार्थी ‘लक्षात’ असे टंकित करून शोधतो आणि पुस्तक नाही असे समजून निघून जातो. येथे अनुस्वार सरसकट पुसून टाकणे हा उपाय नव्हे, कारण मुखपृष्ठावर जे आहे ते जसेच्या तसे नोंदणे हा सूचिकाराचा धर्म आहे. जाणते लोक दोन रकाने ठेवतात: एकात मूळ रूप, दुसऱ्यात केवळ शोधासाठी आजचे रूप. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची १९४३ साली प्रसिद्ध केली तेव्हा असे यंत्र हाताशी नव्हते. एका व्यक्तीच्या चिकाटीवर ते काम उभे राहिले.

सर्वांत घातक चूक मात्र वर्षाच्या रकान्यात होते. देवनागरी अंकांत लिहिलेले ‘१९२१’ यंत्राच्या दृष्टीने बहुधा संख्या नसते, केवळ अक्षरे असतात. मायएसक्यूएल पूर्वी अशा ठिकाणी ओळ नाकारीत नसे. एक सूचना दाखवून रकान्यात शून्य लिहून टाकी. मोठे ग्रंथनामही ती अशीच मुकाट्याने छाटी. २०१५ च्या आवृत्तीपासून कडक शिस्त ही तिची मूळची रीत झाली आणि असा मजकूर नाकारला जाऊ लागला. पण शून्य निदान डोळ्यांत खुपते. शके १८४३ खुपत नाही. जुन्या मराठी पुस्तकांवर शालिवाहन शक असतो. माळवा आणि गुजरात या बाजूंच्या नोंदींत विक्रम संवतही भेटतो. इसवी सन १९२१ मध्ये निघालेले पुस्तक एका रजिस्टरात १८४३ आणि दुसऱ्यात १९७८ असे लिहिलेले असू शकते. दोन्ही चांगल्या चार अंकी संख्या आहेत. तक्ता त्या आनंदाने स्वीकारतो. एक पुस्तक अठ्ठ्याहत्तर वर्षांनी म्हातारे होते, दुसरे सत्तावन्न वर्षांनी तरुण, आणि कोठेही त्रुटीचा संदेश उमटत नाही. ‘१८४३ साली असा प्रकाशक होता काय?’ हा प्रश्न स्क्रिप्टला पडत नाही. मराठी मुद्रणाचा इतिहास ठाऊक असलेल्या माणसालाच तो पडतो.

अशा स्थितीत मूळ रजिस्टर आणि कार्डे यांचे काय करावे, या प्रश्नावर अमेरिकेत मोठा वाद झाला. सूची संगणकात गेली म्हणून तेथील अनेक ग्रंथालयांनी कार्डे टाकून दिली. निकल्सन बेकर या कादंबरीकाराने एप्रिल १९९४ मध्ये ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकात याविरुद्ध प्रदीर्घ लेख लिहिला. त्यांच्यावर भाबडेपणाचा आरोप झाला, परंतु कार्डांवर ग्रंथपालांनी हाताने केलेल्या भरी यंत्रात गेल्या नाहीत, हा त्यांचा मुद्दा कोणालाही खोडता आला नाही. ओहायओ राज्यातील ‘ओसीएलसी’ या सहकारी संस्थेने १९७१ पासून ग्रंथालयांना संगणकावर तयार केलेली कार्डे पुरविली होती. तिने शेवटचे कार्ड ऑक्टोबर २०१५ मध्ये छापले.

अलीकडे काळजीपूर्वक काम करणारे लोक फाइलीतील ओळ थेट अंतिम तक्त्यांत घालीत नाहीत. प्रथम ती एका कच्च्या तक्त्यात, सर्व रकाने केवळ मजकूर मानून, जशीच्या तशी उतरवितात. शक, अनुस्वार, शेरा, सारे मूळ रूपात. मग तपासणी करून पुढे नेतात आणि कच्चा तक्ता पुसत नाहीत. ज्या ओळी बसत नाहीत त्या वेगळ्या फाइलीत काढल्या जातात. ओरॅकलच्या साधनात अशी फाइल आपोआप तयार होते आणि तिला सरळसरळ ‘बॅड फाइल’ म्हणतात. संगणकवाले ती पाहून रकान्यांची संख्या जुळवितात. परंतु जिच्या शेऱ्यात ‘पहिले पान नाही, वर्ष अंदाजे’ असे लिहिले आहे, जिच्यात ग्रंथकाराच्या जागी फक्त ‘एक गृहस्थ’ आहे, ती ओळ घेऊन रजिस्टर उघडावयाचे, कपाटापर्यंत जावयाचे आणि पुस्तक हातात घेऊन पाहावयाचे, हे काम ग्रंथपालाकडेच येते.